डिचोलीचं न झालेलं युद्ध

जुलै २००७ मध्ये इंग्रजी विकिपीडियावर गोव्याच्या इतिहासाबद्दल एक लेख आला. विषय डिचोलीच्या युद्धाचा. १६४० ते १६४१ या काळात पोर्तुगीज आणि मराठा साम्राज्य यांच्यात डिचोलीच्या आसपास अघोषित युद्ध झालं आणि शेवटी तह होऊन ते मिटलं, अशी हकीकत त्यात होती. लेख सुमारे साडेचार हजार शब्दांचा, भाषा शांत आणि अभ्यासू, खाली तळटीपा, तळटीपांत ग्रंथांची नावं. दोनेक महिन्यांत संपादकांनी त्याला ‘चांगला लेख’ असा दर्जा दिला. इंग्रजी विकिपीडियावर शंभरातल्या एका लेखालाही हा मान मिळत नाही.

पुढची पाच वर्षं लेख जागेवर होता. २०१२ च्या डिसेंबरअखेर तो काढून टाकावा लागला, कारण असं युद्ध कधी झालंच नव्हतं. कुणा अनामिकाने ते सुरुवातीपासून तहापर्यंत मनाने रचलं होतं.

महाराष्ट्रात चौथीचं इतिहासाचं पुस्तक वाचलेलं पोरही पहिल्याच ओळीला अडखळलं असतं. १६४० साली शिवाजी महाराज दहा वर्षांचे, शहाजीराजे आदिलशाहीच्या चाकरीत, राज्याभिषेकाला अजून चौतीस वर्षं बाकी. मग पोर्तुगिजांशी भिडणारं ‘मराठा साम्राज्य’ आलं कुठून? डिचोली तेव्हा विजापूरकरांच्या मुलखात होती. पोर्तुगिजांच्या हाती ती पक्की गेली ती थेट १७८० च्या दशकात. १६४० च्या सुमारास गोव्यातल्या पोर्तुगिजांना घोर होता तो डचांचा. डच आरमार गोव्याची नाकेबंदी करून बसायचं, आणि जानेवारी १६४१ मध्ये त्यांनी मलाक्का पोर्तुगिजांकडून हिसकावून घेतलं. संभाजी महाराजांची गोव्यावरची स्वारी १६८३ ची, चिमाजी अप्पांनी वसई घेतली ती १७३९ मध्ये. खरी युद्धं इतकी असताना खोटं रचायची हौस कुणाला आली असेल, हे कोडंच आहे.

पाच वर्षं कुणाच्या लक्षात कसं आलं नाही, याचं उत्तर दर्जा देणाऱ्यांनी काय तपासलं यात आहे. भाषा नीट आहे का, मांडणी समतोल आहे का, विधानांना संदर्भ जोडले आहेत का. संदर्भ होते. ते खरे आहेत का हे पाहायला पुस्तक उघडावं लागतं, निदान ते कुठल्या ग्रंथालयात आहे का हे तरी शोधावं लागतं. एका संपादकाने अखेर ते २०१२ मध्ये केलं आणि लेखाचा मुख्य आधार असलेले ग्रंथ कुठेच सापडेनात. एवढ्या शोधाने सगळा डोलारा कोसळला. तोवर त्या लेखाच्या नकला इतर संकेतस्थळांवर पोचल्या होत्या, आणि मूळ लेख पुसला गेला तरी नकला पुसायला कुणी जात नाही.

एखाद्या पानाकडे कितीही टक लावून पाहिलं तरी ते विश्वासाचं आहे की नाही हे कळत नाही, असं माझं मत आहे आणि हे प्रकरण त्याच्याच भोवती फिरणार आहे. पानावर जे जे दिसतं ते ते पान बनवणाऱ्याच्या हातात असतं: मांडणी, बोधचिन्ह, ‘आमच्याविषयी’ या सदरातला मजकूर, डॉक्टर आणि प्राध्यापक मंडळींची छायाचित्रं, संदर्भसूचीही. त्याच्या हाताबाहेर असतं ते बाकीच्या जगाने त्याच्याविषयी लिहून ठेवलेलं.

आपल्याकडे महाविद्यालयांत अजूनही उलटंच शिकवलं जातं. विद्यार्थ्यांच्या हातात एक तक्ता देतात: माहिती ताजी आहे का, लेखकाचं नाव आहे का, शुद्धलेखनाच्या चुका आहेत का, पत्ता ‘डॉट कॉम’ आहे की ‘डॉट ऑर्ग’. असे तक्ते बहुतेक परदेशी ग्रंथालयांतून आले. त्यांतला सगळ्यात गाजलेला तक्ता २००४ मध्ये कॅलिफोर्निया राज्य विद्यापीठाच्या चिको इथल्या ग्रंथपाल सारा ब्लेकस्ली यांनी मांडला. तो वाईट नाही. पण हा तक्ता फसवणाऱ्यांनीही वाचलेला असतो. ‘डॉट ऑर्ग’ म्हणजे सेवाभावी संस्था असा आपल्याकडे पक्का समज आहे. प्रत्यक्षात ते नाव कुणीही पैसे भरून घेऊ शकतो. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नावाचं असंच एक ‘डॉट ऑर्ग’ संकेतस्थळ वर्षानुवर्षं शाळकरी मुलांच्या शोधात वर यायचं आणि ते चालवत होती गोऱ्या वंशश्रेष्ठत्वाची पुरस्कर्ती संघटना. ‘डॉट गव्ह डॉट इन’ किंवा ‘डॉट एसी डॉट इन’ ही नावं मात्र कुणालाही मिळत नाहीत, त्यामुळे त्यांतून निदान पान कुणाचं आहे ते कळतं. त्यावरची माहिती बरोबर आहे की नाही हा पुढचा प्रश्न, आणि सरकारी संकेतस्थळांवर तो हटकून विचारावा असा आहे.

पानावर टक लावून बसणं आणि पान सोडून बाहेर जाणं, यांतला फरक स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या एका अभ्यासाने छान दाखवला. सॅम वाईनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी पंचेचाळीस जणांना संगणकासमोर बसवलं: दहा पीएच.डी. झालेले इतिहासकार, वृत्तसंस्थांतले दहा व्यावसायिक तथ्य-तपासनीस आणि स्टॅनफर्डचे पंचवीस विद्यार्थी. त्यांचा निबंध २०१७ मध्ये आला. एका कामात शाळेतल्या दादागिरीविषयीची दोन पानं दिली होती. एक ‘अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पीडिॲट्रिक्स’चं, दुसरं ‘अमेरिकन कॉलेज ऑफ पीडिॲट्रिशियन्स’चं. नावं जुळ्या भावंडांसारखी. पहिली संस्था १९३० मध्ये स्थापन झालेली, साठ हजारांहून अधिक बालरोगतज्ज्ञांची, बालवैद्यकातलं एक प्रमुख नियतकालिक काढणारी. दुसरी २००२ मध्ये समलिंगी जोडप्यांच्या मूल दत्तक घेण्याला विरोध म्हणून पहिलीतून फुटलेला एक छोटा गट.

विद्यार्थी पान वरपासून खालपर्यंत वाचत गेले. मांडणी स्वच्छ आहे, संदर्भ आहेत, जाहिराती नाहीत, असे शेरे देत त्यांच्यातल्या बहुतेकांनी छोट्या गटाचं पान जास्त विश्वासार्ह ठरवलं. इतिहासकारांची गंमत अशी की ज्यांचं आयुष्य जुन्या कागदांची पारख करण्यात गेलं त्यांच्यातलेही कित्येक घुटमळले, दोन्ही पानं चांगलीच दिसतात म्हणाले. तपासनीसांनी दिलेलं पान जेमतेम वाचलं. ते बाहेर पडले, शेजारी नवी खिडकी उघडली, संस्थेचं नाव टाकलं आणि ती कोण, कधी निघाली, तिच्याविषयी इतर काय म्हणतात ते पाहिलं. दहाच्या दहा जण बरोबर उत्तराशी पोचले, तेही कमी वाचून आणि कमी वेळात.

पान सोडून शेजारच्या खिडक्यांत पाहण्याच्या या आडव्या वाचनाची सवय लागायला फार दिवस लागत नाहीत. संस्थेचं नाव शोधायचं आणि समोर आलेल्या यादीतल्या पहिल्या दुव्यावर लगेच बोट ठेवायचं नाही. आधी यादी वाचायची. पहिल्या दोनचार जागा जाहिरातींच्या किंवा त्या संस्थेच्या स्वतःच्या पानांच्या असतात; कामाचा मजकूर बरेचदा खाली असतो, कधी दुसऱ्या पानावर. नावापुढे ‘वाद’, ‘निधी’, ‘कोर्ट’ असा एखादा शब्द जोडला तर वेगळीच यादी समोर येते. विकिपीडियाचा खरा उपयोग इथे होतो: विषय शिकायला नाही, पण कुणाची ओळख पटवायला. लेखाच्या डोक्यावर ‘चर्चा’ आणि ‘इतिहास पहा’ असे दोन कप्पे असतात. तिथे कोणता मजकूर कुणी कधी घातला, कुणी काढला, कशावरून जुंपली, हे सगळं उघड असतं. छापील पुस्तक अशी आतली भांडणं कधी दाखवत नाही. वादाच्या विषयावर मी लेखाआधी चर्चेचं पान वाचतो. ते जास्त मनोरंजकही असतं.

पण आडव्या वाचनाला एक खोट आहे. बाहेरच्या दहा जणांनी तीच गोष्ट सांगितली म्हणून आपण ती खरी धरतो. त्या दहांनी एकाकडूनच उचलली असेल तर साक्षीदार एकच उरतो.

दक्षिण अमेरिकेत कोआटी नावाचा लांब नाकाचा एक प्राणी आहे. २००८ मध्ये अमेरिकेतल्या एका विद्यार्थ्याने गंमत म्हणून विकिपीडियावरच्या त्याच्या लेखात ‘याला ब्राझिलियन आर्डवार्क असंही म्हणतात’ असे शब्द घातले. आर्डवार्क आफ्रिकेतला, कोआटीशी त्याचं काही नातं नाही. विद्यार्थी विसरून गेला. काही वर्षांत ब्रिटिश वर्तमानपत्रांनी ते नाव वापरलं, विद्यापीठीय प्रकाशनांच्या पुस्तकांत ते आलं आणि विकिपीडियावरच्या त्या वाक्याला आधार म्हणून वर्तमानपत्रातली बातमी जोडली गेली. बातमीदाराने नाव विकिपीडियावरूनच घेतलं होतं. वर्तुळ पूर्ण झालं. २०१४ मध्ये ‘न्यू यॉर्कर’ने ही कथा छापली तोवर काही लोक खरोखरच त्या प्राण्याला त्या नावाने हाक मारू लागले होते.

म्हणून ‘किती जणांनी म्हटलं’ हे मोजण्यापेक्षा ‘पहिल्यांदा कुणी म्हटलं’ हे विचारलेलं बरं. याचं आपल्याला जवळचं उदाहरण म्हणजे मेकॉलेचं ते भाषण. तुमच्या एखाद्या गटावर ते आलंच असणार: भारतभर फिरलो, भिकारी दिसला नाही, चोर दिसला नाही, या देशाचा कणा मोडायचा तर त्याची जुनी शिक्षणपद्धती बदलली पाहिजे, असा मजकूर आणि खाली ‘लॉर्ड मेकॉले, ब्रिटिश संसद, २ फेब्रुवारी १८३५’. भाषणांत, शाळांच्या फलकांवर, पुस्तकांच्या प्रस्तावनांत, सगळीकडे ते आहे. मोजायला गेलात तर हजारो साक्षीदार.

आता उगमाकडे जाऊ. मेकॉले जून १८३४ मध्ये मद्रासला उतरला. २ फेब्रुवारी १८३५ ला तो कलकत्त्यात होता. समुद्रमार्गे काही महिन्यांच्या अंतरावर असलेल्या लंडनमध्ये त्या दिवशी भाषण करणं त्याला शक्य नव्हतं. त्या तारखेला त्याने जे लिहिलं ते शिक्षणाविषयीचं टिपण, गव्हर्नर जनरल बेंटिंकच्या मंडळासमोरचं. ते आज सहज वाचायला मिळतं आणि त्यात ही वाक्यं नाहीत. त्या टिपणात भारतीय विद्येविषयी इतकी तुच्छता आहे की देशाची स्तुती करणारा परिच्छेद त्यात बसणारही नाही. दुसरी बाजू लंडनची. ब्रिटनमध्ये तेव्हा सार्वत्रिक निवडणूक चालू होती. जुनी संसद डिसेंबर १८३४ मध्ये विसर्जित झाली होती, नवी फेब्रुवारीच्या उत्तरार्धात भरली. २ फेब्रुवारीला भाषण करायला संसदच नव्हती. ब्रिटिश संसदेतल्या चर्चांचे ‘हॅन्सार्ड’ हे खंड १८०३ पासूनचे संगणकावर फुकट उपलब्ध आहेत. कुणालाही तारीख टाकून पाहता येतं.

मेकॉले भला माणूस होता असा याचा अर्थ नाही. खऱ्या टिपणावर त्याला हवं तेवढं झोडपता येतं, आणि आधार पक्का असला की झोडपणं जास्त लागतं. खोटं अवतरण आपल्या बाजूचं असतं तेव्हा ते तपासायची इच्छाच होत नाही, अडचण तिथे आहे. वाचल्या वाचल्या ‘बघा, मी म्हणत नव्हतो?’ असं मनात आलं की त्या मजकुरावर लाल खूण करावी.

महाराष्ट्राला उगमाकडे जाण्याची ही शिस्त नवी नाही. वि. का. राजवाड्यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला तो याच हट्टातून. बखरींत सांगितलेल्या गोष्टी त्यांनी त्याच काळातल्या पत्रांशी ताडून पाहिल्या आणि बखरकारांची कालगणना, नावं, आकडे किती घसरतात ते दाखवून दिलं. अस्सल कागद कोणता, नक्कल कोणती, बनावट कोणता, हे प्रश्न १९१० पासून पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात रोजचे होते. मोडी कागदावरची तारीख, मायना, शिक्का आणि लिहिणाऱ्याचा हेतू पाहणाऱ्या त्या मंडळींना आजचा व्हॉट्सॲपवरचा मजकूर तपासायला फारसं शिकवावं लागलं नसतं.

संशोधन म्हटलं की नियतकालिकांचा विषय टाळता येत नाही, आणि तो आपल्याकडे जरा दुखरा आहे. प्राध्यापकांच्या बढतीसाठी छापील लेखांचे गुण मोजायला सुरुवात झाली आणि लेख छापून देणारी दुकानं निघाली. पैसे भरा, आठवड्यात लेख घ्या. अशा नियतकालिकांच्या मुखपृष्ठावर ‘आंतरराष्ट्रीय’, ‘बहुविद्याशाखीय’ असे शब्द असतात आणि आयएसएसएन क्रमांक ठळक छापलेला असतो. हा क्रमांक म्हणजे दर्जाची मोहर अशी समजूत आपल्या चर्चासत्रांत इतकी रुजली आहे की प्रमाणपत्रावरही तो छापतात. तो फक्त ओळखक्रमांक आहे. स्वयंपाकाच्या मासिकालाही मिळतो. पुस्तकाच्या आयएसबीएनचंही तसंच.

विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी केली तेव्हा भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी तिची छाननी करून २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये निष्कर्ष छापले. विद्यापीठांच्या शिफारशीने यादीत आलेल्या नियतकालिकांपैकी १,००९ त्यांनी तपासली आणि ८८ टक्के संशयास्पद निघाली. त्याच वर्षी आयोगाने चार हजारांवर नावं यादीतून उडवली, २०१९ मध्ये ‘केअर’ नावाची नवी यादी आणली, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत तीही बंद करून निवड संस्थांवर सोपवली. म्हणजे आता यादीकडे बोट दाखवून सुटका नाही. परदेशात स्थिती फार वेगळी आहे असंही समजू नये. २०१३ मध्ये ‘सायन्स’ साप्ताहिकासाठी जॉन बोहॅनन यांनी ढोबळ चुकांनी भरलेला एक खोटा वैद्यकीय निबंध ३०४ मुक्त नियतकालिकांना पाठवला. १५७ जणांनी स्वीकारला, ९८ जणांनी नाकारला. स्वीकारणाऱ्यांत भारतातून चालणारी सगळ्यात जास्त होती.

चांगल्या नियतकालिकातला निबंधही नंतर मागे घेतला जातो. गोवर, गालगुंड आणि जर्मन गोवर यांवरच्या एकत्रित लशीचा आत्ममग्नतेशी संबंध सुचवणारा अँड्र्यू वेकफील्ड यांचा निबंध ‘लॅन्सेट’सारख्या नियतकालिकात १९९८ मध्ये आला, अवघ्या बारा मुलांच्या निरीक्षणांवर. तो २०१० मध्ये पूर्णपणे मागे घेतला गेला. नियतकालिकाच्या स्वतःच्या पानावर तसं आता स्पष्ट दिसतं. मधल्या काळात कुणी उतरवून ठेवलेल्या आणि पुढे पाठवलेल्या पीडीएफवर मात्र काहीच उमटत नाही. म्हणून कुणी पाठवलेल्या पीडीएफवर थांबू नये, नियतकालिकाच्या पानापर्यंत जावं. दोन मिनिटांचं काम आहे.

तळटीपांचा प्रश्न गेल्या काही वर्षांत वेगळ्याच वळणावर गेला. पूर्वी खोटी ग्रंथसूची रचायला निदान थोडे कष्ट होते. आता संभाषणी यंत्रं न लिहिलेल्या पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, वर्ष आणि पृष्ठक्रमांक एका दमात देतात, आणि तेही त्या विषयात लिहिणाऱ्या खऱ्या माणसाच्या नावावर. न्यू यॉर्कमध्ये एव्हिआंका या विमान कंपनीवर एका प्रवाशाने दावा लावला होता. जेवणाची गाडी गुडघ्याला लागली अशी तक्रार. त्याच्या वकिलांनी न्यायालयात जुन्या निवाड्यांचे दाखले दिले. विरुद्ध बाजूला ते निवाडे सापडेनात, न्यायाधीशांनाही सापडेनात. ते चॅटजीपीटीने रचले होते. वकिलाने वाटेत शंका घेतली होती, हे विशेष: हा निवाडा खरा आहे का, असं त्याने विचारलं होतं. विचारलं मात्र त्याच यंत्राला. त्याने हो म्हटलं आणि कायद्याच्या कोणत्या संग्रहांत तो मिळेल तेही सांगितलं. न्यायाधीश केव्हिन कॅस्टेल यांनी जून २०२३ मध्ये पाच हजार डॉलर दंड केला. निवाडा ज्या संग्रहात असल्याचं सांगितलं तो संग्रह उघडला असता तर काम तिथेच संपलं असतं.

इतकं सगळं प्रत्येक वाक्याला करत बसलं तर संशोधन कधी होणार, ही शंका रास्त आहे. प्रत्येक वाक्याला ते करायचं नसतंच. ज्या वाक्यावर तुमचा निष्कर्ष उभा आहे, जे काढलं तर तुमचा लेख पडतो, तेवढं उगमापर्यंत न्यायचं. बाकीच्यासाठी एक प्रश्न पुरतो: हे साधन कशासाठी विश्वासाचं आहे? देवस्थानाच्या संकेतस्थळावर जत्रेची तारीख, आरतीच्या वेळा, विश्वस्तांची नावं बरोबर असतात. त्याहून चांगलं साधन मिळणार नाही. त्याच पानावर ‘हे मंदिर पांडवांनी एका रात्रीत बांधलं’ असंही असतं. महाराष्ट्रात पांडवांनी इतकं बांधकाम केलं आहे की अज्ञातवासात राहायला त्यांना वेळ कसा मिळाला कोण जाणे. ते वाक्य मंदिराच्या वयाचा पुरावा म्हणून चालत नाही, लोक मंदिराविषयी काय सांगतात याचा पुरावा म्हणून उत्तम चालतं. जेम्स कॅम्पबेलने संपादित केलेली मुंबई इलाख्याची गॅझेटिअरं अशीच. १८८० च्या दशकातल्या बाजारपेठा, घाटरस्ते, पिकं यांसाठी ती सोन्याची खाण आहेत. एखादी जात ‘स्वभावाने आळशी’ किंवा ‘कष्टाळू’ आहे असं त्यांत येतं, तेव्हा त्या जातीविषयी काही कळत नाही. साहेबाविषयी बरंच कळतं.

मराठीत काम करणाऱ्याला आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. आडव्या वाचनासाठी बाहेर पुष्कळ मजकूर असावा लागतो, आणि मराठी विषयांवर तो विरळ आहे. तालुक्याच्या एखाद्या गढीविषयी शोध घ्या: वीस पानं येतात आणि वीसही एकमेकांची नक्कल निघतात, शुद्धलेखनाच्या चुकीसकट. ती समान चूक हाच नकलेचा पुरावा समजावा. अशा वेळी शोधयंत्राच्या बाहेर पडून ज्ञानाच्या साठ्यांकडे थेट जावं: वाईच्या विश्वकोश मंडळाचा मराठी विश्वकोश, केतकरांचा ज्ञानकोश, राज्याच्या दर्शनिका विभागाची गॅझेटिअरं, शिकागो विद्यापीठाने संगणकावर ठेवलेला मोल्सवर्थचा कोश. विश्वकोशाचा मोठा गुण म्हणजे नोंदीखाली लिहिणाऱ्याचं नाव असतं. त्याचा सापळाही तिथेच आहे. छापील खंड १९७० च्या दशकापासून निघत आले, आणि संगणकावर चढवलेल्या नोंदीचं पान नवंकोरं दिसतं. पानावरची तारीख मजकूर चढवल्याची, मजकूर लिहिला तेव्हाची नाही. २००६ पूर्वी छापलेल्या खंडात प्लूटो नववा ग्रह असणारच. ती त्या काळाची बरोबर माहिती आहे, आजच्या गृहपाठासाठी चुकीची.

पानाचं खरं वय काढायला एक घरगुती युक्ती मला फार आवडते: महाराष्ट्रात किती जिल्हे लिहिले आहेत ते पाहावं. राज्य झालं तेव्हा, १९६० मध्ये, २६ होते. जालना आणि सिंधुदुर्ग १९८१ मध्ये, लातूर आणि गडचिरोली १९८२ मध्ये आले, झाले ३०. मुंबई उपनगर १९९० मध्ये. नंदुरबार, वाशिम १९९८ ला, हिंगोली, गोंदिया १९९९ ला, आकडा ३५. पालघर १ ऑगस्ट २०१४ ला, एकूण ३६. एखाद्या पानाच्या डोक्यावर ‘अद्ययावत २०२४’ असेल आणि आत ३५ जिल्हे असतील, तर तो मजकूर १९९९ ते २०१४ च्या मधला कुठूनतरी उचललेला आहे. मग त्यातली लोकसंख्या, साक्षरता, सिंचनाचं क्षेत्र, सगळे आकडे त्याच काळातले धरून चालावं, आणि कोणत्या जनगणनेचे आहेत ते जनगणनेच्या मूळ तक्त्यात शोधावं.

सापडलेलं पान टिपून ठेवताना दुव्याबरोबर पाहिल्याची तारीखही लिहावी. संकेतस्थळं बंद पडतात, मंत्रालयं आपली पानं नव्या रचनेत हलवतात आणि जुने दुवे मरतात. ‘इंटरनेट अर्काइव्ह’च्या वेबॅक मशीनमध्ये दुवा टाकला की त्या पानाच्या जुन्या प्रती तारखेनिशी मिळतात, १९९६ पासूनच्याही. एखाद्या संस्थेने आपलं उद्दिष्ट, संचालक किंवा आकडे गुपचूप बदलले असतील तर दोन प्रती शेजारी ठेवल्या की दिसतं. पान अजून तिथे साठवलेलं नसेल तर ‘सेव्ह पेज’ हे बटण दाबून आपणच साठवायचं, आणि तळटीपेत त्या साठवलेल्या प्रतीचा दुवा द्यायचा.